शेवटचं काय हलवलंत?

टेलिफोन एक्स्चेंजच्या बिघाड विभागात मी सत्तावीस वर्षं काढली. कानाला हेडफोन, पुढ्यात वही आणि पलीकडून दिवसभर लोकांचा आरडाओरडा, ‘फोन बंद आहे, ताबडतोब माणूस पाठवा.’ माणूस पाठवण्याआधी बिघाड कुठे आहे ते बसल्या जागी शोधायचं, हे माझं काम. आमच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी चार गोष्टी डोक्यात बसवल्या होत्या. हात लावण्याआधी लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फरक पडला नाही तर ती होती तशी परत ठेवायची. लाइन अर्धी करायची, बिघाड कुठल्या अर्ध्यात आहे ते ठरवायचं, मग त्या अर्ध्याचं अर्धं. आणि चौथी, जी त्या बोट नाचवून सांगायच्या: गिऱ्हाइकाला आधी विचारायचं, शेवटचं काय हलवलंत? तो म्हणणार, काही नाही. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

त्या दिवशी मी पहिल्या तीन गोष्टी अगदी चोख केल्या. चौथीत मात्र माती खाल्ली, कारण गिऱ्हाईक माझा नवरा होता.

माझा नवरा बसचा ड्रायव्हर. डेपोत त्याला ‘मिनिट’ म्हणतात. ‘मिनिट आला का?’ ‘मिनिटची गाडी सुटली का?’ अठ्ठावीस वर्षांत गाडी कधी उशिरा सुटली नाही आणि कधी लवकरही सुटली नाही, याचा त्याला फार अभिमान. पाच महिन्यांपूर्वी त्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा बरा झाला, पण डॉक्टर म्हणाले, क्लच दाबण्याच्या कामाचा नाही. डेपोनं सांगितलं, गाडी नाही, पण नियंत्रण कक्षात जागा आहे. पडद्यांपुढे बसून कुठली गाडी कुठे आहे ते बघायचं, ड्रायव्हरांशी वायरलेसवर बोलायचं. त्यासाठी परीक्षा. शंभर गुण, साठला पास, घरच्या कॉम्प्युटरवरून द्यायची आणि एकदाच द्यायची. नापास झालं की घरी.

घरी बसलेला ड्रायव्हर कसा असतो ते मी पाच महिने पाहत होते. सकाळी खिडकीत खुर्ची टाकायची आणि रस्त्यावरच्या बस मोजायच्या. ‘बारा चाळीसची सात मिनिटं उशिरा,’ असं भिंतीला सांगायचं. दाढी तीन-तीन दिवस नाही. जेवायला हाक मारली की ‘भूक नाही’, आणि तासाभरानं डब्यांची झाकणं वाजायची. मला त्याचा राग यायचा, आणि रागावल्याबद्दल स्वतःचा राग यायचा. परीक्षेचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, सुटलो. त्यानं कुठून तरी सरावाचा प्रोग्राम आणून कॉम्प्युटरमध्ये घातला आणि रोज दुपारी दार लावून दोन तास बसू लागला. ‘कसं चाललंय?’ विचारलं की ‘होतंय की’. महिनाभरात होईल म्हणाला होता. चार महिने झाले तरी बसतोय म्हणजे चांगलाच पक्का करतोय, असं मी समजत होते.

परीक्षेच्या दिवशी दुपारी दोन ते तीनमध्ये कधीही आत शिरायचं होतं. तीन वाजता दार बंद, मग तीन ते चार परीक्षा. त्यानं सकाळपासून दोनदा दाढी केली होती. मी दोनला आठ कमी असताना कॉम्प्युटरपुढे बसले, म्हटलं पान आधीच उघडून ठेवू. आठ दिवसांपूर्वी मी स्वतः ते उघडून पाहिलं होतं, एका झटक्यात उघडलं होतं.

आता पडद्यावर लाल त्रिकोण आला. तुमचं कनेक्शन खाजगी नाही. खाली इंग्रजीत भलीमोठी ओळ, कुणीतरी तुमची माहिती चोरत असेल वगैरे.

‘काय झालं?’ नवरा मागून म्हणाला.

‘काही झालं नाही. बसा तिकडे.’

मी ड्रॉवरमधून वही काढली. वेळ लिहिली, पडद्यावरची ओळ जशीच्या तशी उतरवली. पान पुन्हा उघडलं. तेच. मग खुर्ची वळवून मी त्याच्याकडे पाहिलं आणि कामावर विचारायचे तस्संच विचारलं, ‘शेवटचं काय हलवलंत?’

‘कुठे?’

‘या मशीनवर. आज सकाळी बसला होतात ना? काही बदललंत, काढलंत, घातलंत?’

‘काही नाही,’ तो म्हणाला.

एकतीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी खोटं बोललेला नाही. साधी साडी वाईट दिसत असेल तर वाईट दिसते म्हणतो. मी वहीत लिहिलं, ‘काही हलवलं नाही’, आणि त्यावर बरोबरची खूण केली. मोठ्या बाई असत्या तर त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला असता.

लाइन अर्धी करायला घेतली. राउटरवरचे तिन्ही दिवे हिरवे. माझा मोबाइल त्याच वायफायला जोडला आणि परीक्षेचं पान उघडलं. सरळ उघडलं! वर सूचना होती, ‘परीक्षा फक्त कॉम्प्युटरवर देता येईल’, पण पान उघडलं हे महत्त्वाचं. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक, पलीकडची वेबसाइट ठीक. बिघाड आमच्या टेबलावर आहे. दोन वाजून चार मिनिटं. मला बरं वाटलं, कारण टेबलावरचा बिघाड पळून जात नाही.

टेबलावरचं पुन्हा अर्धं केलं. मशीनमध्ये दुसरा ब्राउझर होता, मुलीनं तिच्या कॉलेजच्या काळात घातलेला. तो उघडायलाच तीन मिनिटं लागली. त्यातही तोच त्रिकोण. म्हणजे ब्राउझरचा दोष नाही, त्याच्या खाली काहीतरी आहे. मग इतर पानं उघडून पाहिली. ईमेल, त्रिकोण. बातम्या, त्रिकोण. आमच्या वाचनालयाचं जुनंपुराणं पान, ज्यावर अजून गेल्या वर्षीच्या नव्या पुस्तकांची यादी आहे, ते मात्र उघडलं. पत्त्याच्या बाजूला पाहिलं तर त्याला कुलपाचं चिन्हच नव्हतं. मी वहीत लिहिलं, ‘कुलूपवाली पानं बंद, बिनकुलपाची चालू.’ आणि खाली दोन रेघा ओढल्या.

तेवढ्यात धाकट्या दिरांचा फोन आला. आमचे हे दीर घराण्याचे कॉम्प्युटरतज्ज्ञ. झेरॉक्सचं दुकान आहे.

‘वहिनी, दादा बसला का परीक्षेला?’

मी काय झालंय ते सांगितलं.

‘कॅशे साफ करा, ब्राउझरमध्ये साठलेला कचरा तो. सगळ्याचं मूळ कॅशे.’

‘भाऊजी, दोन्ही ब्राउझरांत तेच येतंय. दोघांचं कॅशे एकाच दिवशी कसं बिघडेल?’

‘तुम्ही करा तर खरं.’

केलं. वेळ नव्हता, पण नाही म्हणायलाही वेळच लागला असता. फरक पडला नाही, उलट साठवलेले सगळे पासवर्ड उडाले. सुदैवानं परीक्षेचा नंबर आणि पासवर्ड पत्रावर होता.

‘मग खाली ॲडव्हान्स्ड म्हणून असेल, ते दाबून तसंच पुढे जा,’ दीर म्हणाले.

दाबलं. पुढे जायची वाट त्या पानानं ठेवलीच नव्हती. परीक्षेचं पान होतं, कुणालाही मागच्या दारानं आत घेत नव्हतं.

‘मग वहिनी, सरळ फॉरमॅट मारा, सगळं पुसून टाका.’

‘भाऊजी, आता फोन ठेवते,’ असं म्हणून मी ठेवला. माणूस मनानं चांगला आहे, पण त्याच्या हातात हातोडा दिला की त्याला सगळीकडे खिळे दिसतात.

अँटिव्हायरस बंद करून पाहिला. तेच. परत चालू केला. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, त्यात सहा मिनिटं गेली, आणि त्या सहा मिनिटांत मी पडद्यावरच्या फिरणाऱ्या गोल चकलीसारख्या चिन्हाकडे बघत होते आणि नवरा माझ्याकडे. आमचं मशीन अकरा वर्षांचं. कोपऱ्यातलं घड्याळ परत दिसलं तेव्हा मी ते माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दोन एकोणतीस. माझंही दोन एकोणतीस. घरातली सगळी घड्याळं नवरा मिनिटाला मिनिट लावून ठेवतो, त्यात हेही आलं. वहीत लिहिलं, ‘घड्याळ बरोबर’, आणि खूण केली. ही माझी दुसरी चूक.

पान उघडलं. त्रिकोण.

‘राहू दे,’ नवरा म्हणाला.

मी वळून पाहिलं. तो काठीवर दोन्ही हात ठेवून पलंगाच्या कडेला बसला होता. चेहऱ्यावर काळजी हवी होती. ती नव्हती. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याचे खांदे सैल पडलेले दिसले.

‘राहू दे म्हणजे?’

‘आपल्या हातात नाही ना आता. त्यांना सांगू, मशीन बिघडलं. त्यांच्याकडे लेखी देऊ.’

‘पत्रात लिहिलंय, तांत्रिक अडचण ही उमेदवाराची जबाबदारी.’

‘मग नशीब.’

माझं डोकं फिरलं. नशीब! बिघाड विभागात हा शब्द उच्चारला तरी मोठ्या बाई वही आपटायच्या. ‘बिघाडाला कारण असतं,’ त्या म्हणायच्या, ‘आणि कारण सापडत नाही म्हणजे तुम्ही अजून नीट पाहिलं नाही.’ मी नवऱ्याला म्हटलं, ‘तुम्ही तोंड धुऊन या. पाणी प्या. आणि पुन्हा नशीब म्हणालात तर काठी घेऊन मागे लागेन.’

तो उठला नाही.

मी वही पहिल्यापासून वाचली. कुलूपवाली पानं बंद. बिनकुलपाची चालू. मग कुलपालाच विचारायला हवं होतं, आणि ते सोडून मी आजूबाजूची सगळी दारं ठोठावत बसले होते. पत्त्याच्या डाव्या बाजूला लाल खुणेवर क्लिक केलं. एक खिडकी उघडली, त्यात ‘प्रमाणपत्र’ असं काहीतरी. तेही उघडलं. परीक्षेच्या वेबसाइटचं ओळखपत्रच म्हणायचं ते, आमच्या एक्स्चेंजच्या दारावर दाखवायचो तसं. कुणाला दिलं, कुणी दिलं आणि खाली दोन तारखा: कधीपासून चालू, कधीपर्यंत चालू.

चालू झाल्याची तारीख सहा आठवड्यांपूर्वीची होती. संपायला अजून बराच अवकाश होता. ओळखपत्र ताजं होतं, कुठे खाडाखोड नाही. आणि तरी आमचं मशीन त्याला दारातून परत पाठवत होतं. का? मी त्या खिडकीतली बारीक अक्षरं चष्मा वर-खाली करून वाचली. त्यात लिहिलं होतं, हे प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही.

अजून?

सहा आठवड्यांपूर्वी लागू झालेलं प्रमाणपत्र ज्याला अजून लागू झालेलं नाही असं वाटतं, त्याच्या हिशेबानं आज कुठला दिवस आहे?

मी कोपऱ्यातल्या घड्याळावर क्लिक केलं. दोन एक्केचाळीस. मिनिटाला मिनिट बरोबर. आणि वर तारीख, तीन महिन्यांपूर्वीची. त्या महिन्याची अठ्ठावीस.

मी वेळ ताडून पाहिली होती, दिवस पाहिला नव्हता. दिवस कोण ताडून पाहतं? दिवस सगळ्यांना माहीत असतो. मला आधी स्वतःचीच लाज वाटली. मग मी खाली पाहिलं. तारीख आपोआप लावून घेण्याचं बटण होतं, ते बंद केलेलं होतं. असं बटण आपसूक बंद होत नाही.

‘अहो,’ मी म्हणाले, ‘ही तारीख कुणी मागे नेली?’

नवरा काठीच्या मुठीवरचं रबर नखानं उकरत राहिला.

‘मी विचारलं होतं तुम्हाला. शेवटचं काय हलवलंत म्हणून.’

‘मला वाटलं, त्याचा काय संबंध,’ तो म्हणाला. ‘रोज परत लावतो मी. आज विसरलो.’

‘रोज? रोज कशाला मागे नेता?’

उत्तराची वाट न बघता मी तारीख आजची केली, आपोआपचं बटण चालू केलं आणि पान उघडलं. क्षणात उघडलं. हिरवं, स्वच्छ, वरती डेपोचं चिन्ह, मधोमध नंबर आणि पासवर्ड लिहायच्या दोन चौकटी. दोन त्रेचाळीस. मी खुर्चीतून उठले आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.

‘बसा.’

‘नको.’

‘काय नको?’

‘मी नाही बसत,’ तो म्हणाला. ‘नापासच होणार आहे.’

मग त्यानं सांगितलं. जमिनीकडे बघत, अडखळत. सरावाचा तो प्रोग्राम तीस दिवस चालायचा, पुढे बंद व्हायचा. तीस दिवस झाले तेव्हा तो एकदाही पास झाला नव्हता. महिनाभरात होईल असं मला सांगून बसला होता. तेव्हा त्यानं तारीख मागे नेली आणि तोच महिना पुन्हा सुरू केला. तो संपला, परत मागे. डेपोत कुणीतरी ही युक्ती सांगितली होती.

‘एक्याण्णव वेळा दिली गं ती सराव परीक्षा,’ तो म्हणाला. ‘एक्याण्णव वेळा नापास. तू विचारायचीस कसं चाललंय, मी काय सांगणार? अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली. मला ती पडद्यावरची चित्रं, ते आलेख, ते लवकर लवकर वाचून उत्तर द्यायचं, नाही जमत. कधी अठ्ठावन्न पडतात, कधी तेहेतीस. काही भरवसा नाही. डोकंच गेलंय माझं.’

मला भयंकर राग आला होता. खोटं बोलला याचा राग, चार महिने एकटा दार लावून हरत बसला आणि मला कळूही दिलं नाही याचा राग, आणि मला इतके दिवस कळलं नाही याचा त्याहून जास्त. पण रागाच्या मागे माझं जुनं डोकं चालू होतं. कधी अठ्ठावन्न, कधी तेहेतीस. असा बिघाड मला कधी पटत नाही. लाइन एक तर चालते, नाही तर चालत नाही, नाही तर हळूहळू खराब होत जाते. एकदा चांगली एकदा वाईट असं दिसलं की समजायचं, नोंद चुकली आहे.

‘तो प्रोग्राम कुठाय?’

‘आता कशाला?’

‘कुठाय ते सांगा!’

त्यानं बोट दाखवलं. मी उघडला. आजची तारीख पाहून प्रोग्रामनं लगेच तोंड फिरवलं: मुदत संपली, फक्त जुने निकाल पाहता येतील. मला तेवढेच हवे होते.

निकालांचा लांबलचक तक्ता उघडला. क्रमांक, तारीख, गुण आणि शेवटी प्रत्येक ओळीत लाल अक्षरांत ‘अनुत्तीर्ण’. गुण खरंच वेडेवाकडे होते. एकतीस, त्रेपन्न, बेचाळीस, अठ्ठावन्न, चौतीस. मग माझी नजर तारखांवर गेली. एक तारीख, एक तारीख, एक तारीख, दोन तारीख, दोन तारीख. तक्ता तारखेप्रमाणे लावलेला होता! त्यानं तोच महिना पुन्हा पुन्हा जगून काढला होता आणि पहिल्या फेरीची एक तारीख, दुसऱ्या फेरीची एक तारीख, चौथ्या फेरीची एक तारीख, सगळ्या एकाखाली एक येऊन बसल्या होत्या. चार महिन्यांचे गुण एका महिन्यात कोंबलेले. हा तक्ता बघून कुणालाही वाटलं असतं की डोकं गेलंय.

मी ‘क्रमांक’ या शब्दावर क्लिक केलं. तक्ता हलला आणि नव्यानं लागला.

‘इकडे या,’ मी म्हणाले.

‘अगं, वेळ...’

‘इकडे या म्हटलं ना!’

तो काठी टेकत आला. मी बोट ठेवून वाचायला लागले. ‘ही तुमची पहिली पाच. एकोणतीस, एकतीस, तीस, चौतीस, तेहेतीस. बघताय ना? ही विसाव्यानंतरची. एकोणचाळीस, एक्केचाळीस, चाळीस. ही पन्नासाव्यानंतरची. सत्तेचाळीस, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस, एक्कावन्न. आता शेवटची वाचते, नीट ऐका. पंचावन्न, सत्तावन्न, छप्पन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, अठ्ठावन्न. आणि आज सकाळचा, एकोणसाठ.’

तो पडद्याकडे बघत राहिला. ओठ हलत होते. तो स्वतःशी ते आकडे परत वाचत होता.

‘पण तेहेतीस...’

‘तेहेतीस चार महिन्यांपूर्वीचे आहेत! तुम्ही तारखा कालवल्यात म्हणून चौथ्या फेरीच्या गुणांच्या शेजारी येऊन बसलेत. मधल्या काळात तुम्ही कधी मागे गेलाच नाहीत. तारीख तेवढी मागे नेलीत.’

‘तरी साठ एकदाही नाहीत.’

‘नाहीत,’ मी म्हणाले. इथे खोटं बोलून चालणार नव्हतं, आज पुरेसं खोटं झालं होतं. ‘एक गुण कमी पडतोय. एक. आणि तुम्ही डोकं गेलंय म्हणून पलंगावर बसलाय. एक्याण्णव वेळा नापास होऊन जो पुन्हा दुसऱ्या दिवशी बसतो ना, तो परीक्षेला घाबरतो हे मला पटणार नाही. मला घाबरता तुम्ही. मला कळेल म्हणून घाबरता. तर आता कळलंय मला. संपलं. बसा.’

दोन त्रेपन्न झाले होते.

तो बसला. काठी टेबलाला टेकवली, ती घसरून पडली, मी उचलली नाही. पत्र समोर धरलं. त्यानं एका बोटानं नंबर टाकला, एक आकडा चुकला, पुसला, परत टाकला. पासवर्ड. मग एक पान आलं, त्यावर लिहिलं होतं, मी प्रामाणिकपणे परीक्षा देईन, खोलीत दुसरं कुणी नाही. त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

‘जाते,’ मी म्हणाले. ‘मी गेल्यावर दाबा. आज एक तरी गोष्ट खरी सांगा.’

तो हसला. अगदी थोडं, पण हसला. दार ओढून घेताना मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहिलं, दोन अठ्ठावन्न.

तो एक तास मी कसा काढला ते सांगण्यात अर्थ नाही. दिरांचा फोन आला, ‘वहिनी, फॉरमॅट मारलं का?’ मी म्हटलं, ‘तारीख चुकलेली होती.’ ते म्हणाले, ‘हां, मी तेच सांगणार होतो.’ मी ओट्यावरचा स्वच्छ असलेला कप्पा पुन्हा पुसला. दाराशी जाऊन कान लावला, माउसचा टकटक आवाज येत होता, मध्येच बराच वेळ थांबायचा, आणि परत सुरू झाला की मी स्वयंपाकघरात यायचे. मला भीती वाटत होती, हे कबूल करते. मोठ्या तोंडानं त्याला बसवलं होतं, आणि आत पुन्हा एकोणसाठ पडले तर मी त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं जाणार होते, ते मला माहीत नव्हतं. नापास झाला तरी चालेल असं मी स्वतःला दोनदा म्हणून पाहिलं. चालणार नव्हतं.

चार वाजून दोन मिनिटांनी आतून हाक आली. ‘अगं.’

मी दार उघडलं. तो पडद्याकडे पाठ करून बसला होता, खुर्ची उलटी फिरवून.

‘आलाय निकाल,’ तो म्हणाला. ‘तू वाच.’

मी चष्मा लावला. हात ओले होते, काच ओली झाली, पदरानं पुसून परत लावला. खाली सूचना होत्या, त्या नाही वाचल्या. आकडा शोधला.

‘त्रेसष्ट,’ मी म्हणाले.

‘पुन्हा वाच.’

‘त्रेसष्ट. उत्तीर्ण. नियंत्रण कक्ष, सोमवारी सकाळी हजर व्हावे.’

त्यानं दोन्ही तळहात तोंडावर घेतले आणि तो रडायला लागला. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हाही तो असा रडला नव्हता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि उभी राहिले. माझेही डोळे वाहत होते.

‘तुला एक सांगू?’ तळहातांमागून तो म्हणाला. ‘तू मघाशी इतकी झटत होतीस, आणि मी तिथे बसून मनात म्हणत होतो, ते पान उघडू नये. उघडलंच नाही तर नापास व्हायला लागणार नाही.’

‘दिसत होतं मला.’

‘दिसत होतं? कधीपासून?’

‘राहू दे म्हणालात तेव्हापासून.’

‘मग थांबली का नाहीस?’

मला त्याला पुष्कळ सांगता आलं असतं. खिडकीतल्या त्या खुर्चीबद्दल, भिंतीला सांगितलेल्या वेळांबद्दल, तो शेजारच्या खोलीत असून पाच महिने मला घरात एकटं वाटत होतं त्याबद्दल.

‘मला तुम्ही परत हवे होतात,’ मी म्हणाले.

त्यानं तळहात खाली घेतले. मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, वाकून जमिनीवरची काठी उचलली आणि उभा राहिला.

‘पहिली पाळी मागून घेतो,’ तो म्हणाला. ‘सकाळी सहाला डबा लागेल.’

‘पावणेसहाला तयार असेल,’ मी म्हणाले.